पाऊस, ऊसबिल, हप्ता हे सगळं एकत्र मांडलं तर कुठल्या गावात जीव टांगणीला आहे ते आधी कळेल का?

रानवाट

मी मूळचा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, पोटासाठी बेंगळूरला आकडे चाळायचं काम करतो. दिवाळीला गावी गेलो होतो तेव्हा पारावर विषय निघाला, शेजारच्या गावात आणखी एकाने जीव दिला. आणि नेहमीसारखा दोन मिनिटांत निकाल लागला. एक म्हणाला दारू होती, दुसरा म्हणाला कर्ज होतं, तिसरा म्हणाला घरात पटत नव्हतं. पेपरला आलं ते "पोटदुखीला कंटाळून". म्हणजे चार तोंडं चार कारणं, आणि सरकारी तक्त्यात त्यातलं एकच जाणार.

एनसीआरबीचा, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाचा, २०२२ चा अहवाल बघा, देशात १,७०,९२४ आत्महत्या, त्यात ३१.७ टक्के "कौटुंबिक समस्या" आणि १८.४ टक्के "आजारपण". आता कौटुंबिक समस्या म्हणजे काय ओ? दोन वर्षं पाऊस नाही, ऊसबिल अडकलंय, मुलीचं लग्न तोंडावर आलंय आणि त्यातनं नवरा-बायकोत रोज वाजतंय, तर ते कौटुंबिक की शेतीचं की हवामानाचं?

टॅमा कार्लटन नावाच्या संशोधक बाईंचा २०१७ चा अभ्यास आहे, भारतातलाच. पीक उभं असण्याच्या हंगामात तापमान २० अंशांच्या वर असताना एका दिवशी एक अंश जरी वाढला तरी देशभरात सरासरी ७० आत्महत्या वाढतात असं निघालं. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) पीक नसलेल्या महिन्यांत तितकीच उष्णता वाढली तर तसा परिणाम दिसत नाही. म्हणजे नुसतं डोकं तापत नाही, रान तापतंय.

माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडे सगळं पडून आहे. केएसएनडीएमसीचे (कर्नाटकचं आपत्ती केंद्र) पर्जन्यमापक ग्रामपंचायतीपर्यंत आहेत, भूमी या सरकारी साइटवर जमिनीचे उतारे आहेत, शेतकऱ्याच्या फ्रूट्स आयडीला पीक आहे, पीकेपीएसची (गावची शेती पतसोसायटी) थकबाकी आहे, कारखान्याने किती बिल द्यायचं राहिलंय ते आहे, दहावी-बारावीच्या निकालाच्या तारखा आहेत. एकावर एक ठेवले की कुठल्या महिन्यात कुठल्या गावावर ताण येणार हे आधी दिसेल, अगदी कुठल्या घरांवर येणार ती यादीसुद्धा काढता येईल. मग तिथे माणूस पाठवता येईल. हे का होत नाही?

कागवाडचा ऊसवाला

आमचा ताण बघायला एवढे आकडे कशाला पायजेत ओ साहेब? ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल द्या, नाहीतर १५ टक्के व्याज द्या, हे १९६६ च्या आदेशात लिहून ठेवलंय. मी जन्मलो नव्हतो तेव्हापासनं. आता तुम्ही म्हणता बिल किती दिवस अडकलं त्याचा आलेख काढूया आणि तो लाल झाला की समुपदेशक पाठवूया. अहो बिलच पाठवा की!

माझ्या चुलतभावाचं सांगतो, कारखान्याचं नाव घेत नाही. काट्यावरनं गाडी गेली डिसेंबरात, पैसे आले पुढच्या पावसाळ्यात. मधल्या काळात तो माणूस आमच्यात बसायचा बंद झाला, गणपतीच्या वर्गणीच्या मिटिंगला आला नाही, दाढी वाढवून फिरायचा. आम्हाला दिसत होतं. सगळ्या गल्लीला दिसत होतं. आकडे नव्हते म्हणून अडलं नव्हतं, पैसे नव्हते म्हणून अडलं होतं. (तो आहे, बरा आहे, म्हणून सांगालोय.)

आणि दुसरं. तुमच्या नकाशावर माझं गाव लाल झालं की तो नकाशा पहिला कोण बघणार? फायनान्सवाला. "ह्या गावात कर्ज बुडणार" म्हणून दार बंद. मग आम्ही सावकाराकडं जायचं.

गणितमास्तर

रानवाट, तुमचा हेतू चांगला आहे पण हिशोब करून बघा. देशाचा दर लाखाला १२.४. समजा एक लाख वस्तीचा भाग घेतला, वर्षाला १२ माणसं. आता समजा तुमचं यंत्र दोन्ही बाजूंनी ९० टक्के बरोबर आहे, इतकं चांगलं यंत्र जगात कुणाकडे नाही तो भाग वेगळा. ते १२ पैकी ११ जण पकडेल. आणि ज्यांना काही धोका नाही अशा ९९,९८८ पैकी जवळजवळ १०,००० जणांवर खूण करेल. म्हणजे यादीतल्या दर ९०० माणसांमागे एक. उरलेल्या ८९९ जणांच्या दारात जाऊन तुम्ही काय विचारणार, "तुम्ही जीव देणार असं कळलं"?

२०१७ मध्येच ५० वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून बघितले होते, नैराश्य, आधीचे प्रयत्न, घरची परिस्थिती, सगळे धोक्याचे घटक. निष्कर्ष काय तर कोण पुढे हे पाऊल उचलेल हे ओळखण्यात हे सगळे घटक नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरे.

कार्लटनबाईंच्या अभ्यासाबद्दल पण एक सांगतो, तो १९६७ ते २०१३ च्या राज्यपातळीवरच्या आकड्यांवर आहे. राज्याच्या आकड्यातून गाव काढता येत नाही आणि गावाच्या आकड्यातून माणूस काढता येत नाही. तापलेल्या राज्यात जास्त जीव गेले म्हणजे उन्हात राबणाऱ्याचेच गेले हे सिद्ध होत नाही. ३१ वर्षं नववीला सरासरी शिकवली, मुलं पेपरात हीच चूक करायची, मोठी झाल्यावर पण करतात.

रानवाट

मास्तर, मान्य. मी "घरांची यादी" म्हणालो ते चुकलं, मागे घेतो. माणूस ओळखायचा नाहीये. गाव आणि महिना ओळखायचा आहे. डेंग्यूत आपण कुणाला होणार हे सांगतो का? कुठल्या वॉर्डात पाणी साचलंय ते सांगतो आणि तिथे फवारतो.

बेळगावी कुंदा

डेंग्यूचं उदाहरण भारी आहे पण फवारणी झालेल्या घराला कोण नावं ठेवत नाही. इथे ठेवतात. आमच्याकडे अजून "धारवाडला न्यायला झालंय" ही शिवी आहे, मानसोपचार तिथे मिळतात म्हणून. गावावर शिक्का बसला की त्या गावच्या पोरांची लग्नं अडतील, हसू नका.

मी मानसशास्त्र शिकते, आमच्या कॉलेजात एकाने प्रोजेक्टला सुचवलं होतं की व्हॉट्सॲप स्टेटस, इन्स्टा सगळं मशीनला वाचायला लावायचं, कोण निराश आहे ते आपोआप कळेल. म्हटलं बेळगावच्या पोरांचे मेसेज आधी वाच तरी! मॅच हरली की "मेलो मर्दा", इंटर्नलचे मार्क लागले की "जीव देतो आता", गोबी संपली तरी "सालं नको झालंय जगणं". अर्धं मराठी अर्धं कन्नड, मधेच इंग्लिश. आणि जिचं खरंच वाईट चाललं होतं ती आमच्याच वर्गातली मुलगी रोज सकाळी फुलांचे गुड मॉर्निंग टाकत होती. एक दिवस चुकलं नाही.

ब्रिटनमध्ये समॅरिटन्स या संस्थेने २०१४ ला ट्विटरसाठी असं ॲप काढलं होतं, तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यातला कोणी निराश लिहिलं की तुम्हाला ईमेल. लोक इतके भडकले की दहा दिवसांच्या आत बंद करावं लागलं. कारण ज्याच्यावर पाळत त्याला माहीतच नाही, आणि ज्याला ईमेल गेला तो मित्रच असेल असं कुठे आहे, त्रास देणारा पण असू शकतो ना.

निपाणीकर

मुळात आकडेच धड नाहीत त्यावर एवढी चर्चा चाललीय. कर्नाटकातलं निपाणी आणि महाराष्ट्रातलं कागल बघा, मधे किती अंतर, तेच तंबाखू तोच ऊस तेच पाहुणे. शेतकऱ्याने जीव दिला आणि प्रकरण पात्र ठरलं तर कर्नाटकात घरच्यांना ५ लाख, महाराष्ट्रात १ लाख. आणि पात्र ठरवायला दोन्हीकडे समिती, त्यांचे नियम वेगळे, कागदपत्रं वेगळी. म्हणजे हद्द ओलांडली की तोच मृत्यू वेगळा मोजला जातो.

आणि एनसीआरबीने २०१४ ला रकानेच बदलले, शेतकरी वेगळा आणि शेतमजूर वेगळा. आदल्या वर्षी देशात ११,७७२ होते ते २०१४ ला "शेतकरी" ५,६५० वर आले, कारण ६,७१० शेतमजूर शेजारच्या रकान्यात गेले. आपल्या कर्नाटकात तर २०१३ ला १,४०३ आणि २०१४ ला ३२१! एका वर्षात एवढं काय सुखाचं झालं आपल्याकडे? आणि त्याच वर्षी "इतर" हा रकाना फुगला. असल्या आकड्यांवर तुमचं मशीन शिकणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार.

रानवाट

हे माहीत आहे. पोलिसांकडे नोंद तरी सगळ्यांची कुठे होते, २०१० साली पोलिसांच्या हिशोबात सुमारे १,३४,६०० होते आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या घरोघरच्या पाहणीवरनं अंदाज निघाला १,८७,०००. पण म्हणून तर पाऊस आणि थकबाकी बघायची म्हणतोय मी. मेलेल्यांची नोंद खोटी असू शकते, पावसाची नाही.

निपाणीकर

पावसाची नाही, थकबाकीची असते. मार्चला पीकेपीएसमध्ये जुनं-नवं करतात, एका दिवसासाठी कुठनं तरी आणून भरायचं, परत उचलायचं, कागदावर सगळे चोख. ते एका दिवसाचे पैसे किती व्याजाने मिळतात ते विचारा कुणाला तरी.

घटप्रभाकाठ

इथे सगळे विरोधातच दिसतात म्हणून लिहितो. २०१९ चा ऑगस्ट. आमच्या घरात पाणी किती चढलं त्याची रेघ अजून स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे, दोनदा रंग दिला तरी वर येते. आई म्हणते राहू दे. पाणी उतरल्यावर पंचनामा झाला, भांडी मोजली, भिंती मोजल्या, जनावरं मोजली. घरात माणसं कशी आहेत हे कुणी मोजलं नाही. वडील पुढचे सात-आठ महिने रात्री उठून नदीकडच्या दारात बसायचे, पाऊस नसतानाही. आम्हाला वाटायचं वय झालं. कुणीतरी फक्त एवढं सांगायला पाहिजे होतं की पुरानंतर असं होतं, आणि याला इलाज आहे. तेवढ्यासाठी मशीन पण नको, पूर कुठे आला हे सगळ्या राज्याला माहीत होतं. पण कुठल्याच आराखड्यात "पाणी गेल्यावर सहा महिन्यांनी परत जा" असं लिहिलेलं नव्हतं. रानवाट म्हणतात तसला नकाशा असता तर निदान तारीख तरी लागली असती.

आणि आकड्यांनी काही होत नाही असं पण नाही. श्रीलंकेने काय केलं बघा. नोंदी बघून कुठली कीटकनाशकं जास्त जीव घेतात ते ठरवलं आणि १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने ती बाजारातनं काढली. १९९५ नंतर तिथला आत्महत्येचा दर जवळजवळ ७० टक्क्यांनी उतरला, आणि पीक काही कमी आलं नाही. कुणाच्या मनात शिरले नाहीत, कुणाची यादी केली नाही. रागाच्या त्या अर्ध्या तासात हाताशी काय आहे एवढंच बदललं.

कागवाडचा ऊसवाला

हे पटलं. हे मात्र पटलं. ज्यात माझं नाव कुठं लिहावं लागत न्हाई ते सगळं पटतंय बघा मला.

गणितमास्तर

घटप्रभाकाठ, उत्तम उदाहरण, आणि ते माझ्याच बाजूचं आहे असं नम्रपणे सांगतो. 🙂

घटप्रभाकाठ

मास्तर बाजू कुठल्या, माझे वडील होते ते.

गणितमास्तर

चुकलो. माफ करा.

चिकोडीची आशा

मी आशा कार्यकर्ती आहे, जास्त लिहित नाही, आज घरी आहे म्हणून सगळं वाचलं. तुम्ही सगळे जण "माणूस पाठवायचा" म्हणालात ना, तो माणूस म्हणजे मी. एवढं लक्षात घेऊन बोला.

माझ्याकडे आत्ताच किती रजिस्टर आहेत ते सांगत नाही, हसाल. गरोदर बायका, लसीकरण, टीबी, बीपी-शुगर, सगळं मोबाईलमध्ये पण भरायचं आणि वहीत पण. त्यात आणखी एक लाल गावांची यादी आली तर मी काय करणार, जाऊन सही घेऊन येणार. खरं सांगते. महाराष्ट्रात विदर्भ-मराठवाड्यात प्रेरणा प्रकल्पात आशांकडनं घरोघरी मनाच्या ताणाबद्दल प्रश्न विचारून घेतात म्हणे, चांगलं असेल, पण प्रश्न विचारल्यावर पुढे न्यायला कोण आहे ते आधी ठरवा. एखादी बाई रडायला लागली तर मी तिला तशी टाकून पुढच्या घरी जाऊ का?

आणि फॉर्म. फॉर्म येतो कन्नडात, मला येतं, वाचते. पण आमच्या गल्लीत मराठी बोलायचं असतं. त्या फॉर्ममधलं "उदासीनता" वगैरे कुणाला विचारलं तर कोण होय म्हणत नाही. "जिवाला गोड लागत नाही का", "घरात कुणी नसलं की काय करावंसं वाटतं" असं विचारलं की मग बोलतात. ते पण चुलीपुढे बसल्यावर, दारात नाही.

तुमच्या पाऊस-पिकाच्या नकाशात बायका कुठे आहेत मला सांगा. उतारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, फ्रूट्स आयडी त्याच्या नावावर. ती दिवसभर रानात, पण मेली तर "गृहिणी". रानवाटभाऊंनी सांगितलेल्या त्याच २०२२ च्या अहवालात २५,३०९ गृहिणी आहेत, बायकांमध्ये अर्ध्यापेक्षा जास्त. त्यांच्यासाठी पाऊस मोजून काय कळणार? तिच्या नावावर एकच गोष्ट असते, संघाचं, म्हणजे बायकांच्या गटाचं कर्ज.

बेळगावी कुंदा

हे वाचून गप्प झाले. आशाताई, त्या विदर्भातच अजून एक काम झालंय, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत, विश्राम नावाचं. गावातल्याच माणसांना शिकवलं आणि वर समुपदेशक-मानसोपचारतज्ज्ञांची साखळी ठेवली. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि जीव नको वाटणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ वर आलं. म्हणजे तुम्ही म्हणता तसं "पुढे कोण" हे आधी ठरलं होतं.

आणि सगळ्यांसाठीच, १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, रात्री-अपरात्री पण लागतो, भाषा निवडता येते. मी स्वतः एकदा लावलाय, मैत्रिणीसाठी म्हणून लावला होता पण खरं तर माझ्यासाठीच. कोण नाव गाव खोदून विचारत नाही.

निपाणीकर

पण परत तेच, बातमी कुणी देतच नाही. प्रयत्न करून वाचलेल्यावर पूर्वी पोलीस केस व्हायची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती भीती काढली, ११५ कलम, नव्या न्यायसंहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलम नाहीच. तरी दवाखान्यात घेऊन गेले की घरचे आधी सांगतात "चुकून झालं". डॉक्टर पण तेच लिहितात, कोण झंझट घेणार.

कागवाडचा ऊसवाला

ताईंनी संघाचं काढलं म्हणून लिहितो. २०२५ च्या फेब्रुवारीत वसुलीवाल्यांवर सरकारनं वटहुकूम काढला त्याच्या आधी, आमच्या शेजारच्या घराला कुलूप लावून आख्खं कुटुंब पाहुण्यांकडं जाऊन राहिलं होतं दीड महिना. पोरं शाळा बुडवून. कोण कंपनी ते सांगत न्हाई. हप्त्याच्या दिवशी बाकीच्या बायका तिच्या कट्ट्यावर बसून राहायच्या, कारण एकीनं भरलं न्हाई की सगळ्यांना उठू देत न्हाईत. शेजारीण शेजारणीवर पहारा. माझ्या बायकोनं दोनदा तिचा हप्ता घातला मला न सांगता. हे कुठल्या आकड्यात येतंय ते सांगा रानवाट, मग मी तुमच्या बाजूला येतो.

रानवाट

येत नाही. कुठेच येत नाही, आत्ताच शोधलं. कुठल्या जिल्ह्यात किती कर्ज दिलं ते सापडतं, तेवढंच.

एक विचारू का ताई? तुमच्या गावात हप्त्याचा वार कुठला? म्हणजे मी असा विचार करतोय, पाऊस, बिल सगळं महिन्याच्या हिशोबात आहे, पण ताण जर आठवड्याच्या एका ठराविक सकाळी येत असेल तर तुमची फेरी त्याच्या आदल्या दिवशी ठेवली तरी फरक पडेल. फेरी तर तुम्ही मारताच, फक्त वार बदलायचा. नवीन रजिस्टर नाही, कुणाचं नाव नाही.

गणितमास्तर

हे मोजता येण्यासारखं आहे. पण फरक पडला की नाही हे कळायला काही गावांत वार बदलावा लागेल आणि काही गावांत मुद्दाम बदलायचा नाही. ते कुणाच्या जिवावर करणार, हा प्रश्न राहतोच.

चिकोडीची आशा

मास्तर, काही गावांत आपोआपच बदलणार नाही, तिथे आशाची जागाच रिकामी आहे.

रानवाटभाऊ, आमच्याकडे दोन संघ. एकाचा मंगळवार, एकाचा शुक्रवार. सकाळी नऊच्या आत, देवळाच्या मागच्या कट्ट्यावर. सोमवारी रात्री कुणाच्या घरी चूल उशिरा पेटते ते मला येता-जाता दिसतं, पण सोमवारी माझं लसीकरणाचं रिपोर्टिंग असतं. ते गुरुवारी होतं का ते मॅडमना विचारून बघते. बाजूच्या चार गावांचे वार माझ्या मैत्रिणींना विचारून लिहिते इथे. वार लिहीन, गावाचं नाव लिहिणार नाही.